रोपाची चिठ्ठी नको, पावती हवी



पोळा आटोपला, सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या, की विहीर असलेल्या शेतकऱ्याच्या दारात एक मोटारसायकल येऊन उभी राहते. येणाऱ्याच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये हिरव्यागार ब्रोकोलीचा फोटो. ‘‘काकाजी, कापसात काय राह्यलं आता? विहिरीजवळच्या पाव एकरात पानकोबी नाहीतर ब्रोकोली लावून पाहा. रोप आम्ही घरपोच देतो. नागपूरले माल हातोहात जाते.’’ काकाजींनी ब्रोकोली आयुष्यात खाल्लेली नसते. पण कापसात काय राहिले, हे त्यांना कोणी सांगायची गरज नसते. ते आत जातात, इसाराचे पैसे आणतात आणि बदल्यात त्यांना वहीचा अर्धा कागद मिळतो. कागदावर रोपांचा आकडा, मिळालेली रक्कम आणि एक फोन नंबर. बाकी काही नाही.

आज मला या अर्ध्या कागदाबद्दल बोलायचे आहे.

आपण कपाशीचे पाकीट घेतो तेव्हा त्यावर वाणाचे नाव असते, लॉट नंबर असतो, उगवणीचा टक्का, तपासणीची तारीख, मुदत आणि किंमत असते. २०१६ पासून तर बीटी बियाण्याची कमाल किंमत दिल्लीहून ठरून येते. एवढे सारे छापलेले असूनही आपण कितीदा फसलो आणि किती पंचनाम्यांसाठी चपला झिजवल्या, ते या सभेत बसलेल्यांना माहीत आहे. मग ज्या मालावर एक अक्षरही छापलेले नाही, तो आपण आठवडी बाजारातल्या सांभाराच्या जुडीसारखा उचलून आणतो, त्याचे काय?

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी माझी गोष्ट सांगतो. मी कृषी पदवीधर. अकोल्याला चार वर्षे शिकलो, रोपवाटिकेच्या प्रात्यक्षिकात चांगले गुण मिळवले. काही वर्षांपूर्वी सेलू तालुक्यातल्या एका गावात पाच शेतकऱ्यांना मीच तयार केले. प्रत्येकाची विहीर, प्रत्येकाचे पाव एकर. तिघांची पानकोबी, दोघांची ब्रोकोली. रोप एका रोपवाटिकेतून मागवायचे ठरले. निम्मी रक्कम इसार दिली. सोयाबीन निघाले, वखरपाळी झाली, सऱ्या पडल्या, शेणखत टाकून झाले. रोप आज येते, उद्या येते. ठरल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी गाडी आली.

ट्रे उतरवताना माझ्या लक्षात आले होते. रोप हातभर लांब आणि लुकडे, खालची पाने पिवळी, मुळ्या ट्रेच्या घरात गोल गोल फिरून गुंडाळी झालेल्या. पंचवीस दिवसांचे म्हणून सांगितलेले रोप चाळीसच्या पुढे गेलेले होते. गाडी परत पाठवायला हवी होती. पण वावर तयार, इसार दिलेला, पाचही घरची माणसे लावणीला उभी. मी म्हटले, लावा, सुधारेल. हे ‘सुधारेल’ माझ्या तोंडचे आहे, त्या रोपवाटिकेच्या नाही, हे मला कबूल केलेच पाहिजे.

ब्रोकोलीला गड्डे आले ते लिंबाएवढे. झाड वाढण्याआधीच गड्डा धरला आणि तिथेच थांबला. पानकोबीत दोन वाण मिसळलेले निघाले. काही गड्डे फुटायला लागले तेव्हा बाकीच्यांची पानेही मिटली नव्हती. एका बंडीचा माल भरायला तीन दिवस वावर पालथे घालावे लागे. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळाले, तुमची जमीन भारी, पाणी चुकले. बियाणे कोणत्या कंपनीचे विचारले तर म्हणे, सीझनला पाच कंपन्यांचे टाकतो, तुमचे कोणते ते आता कसे सांगू? माझ्या हातात तो अर्धा कागद. त्यावर ना वाण, ना लॉट, ना तारीख. कोणत्या तोंडाने भांडायचे? त्या पाच जणांपैकी दोघांनी पुन्हा भाजीपाल्याचे नाव काढले नाही. त्यांना दोष देता येत नाही.

आता तारखेचे एवढे महत्त्व का, ते समजून घ्या. कपाशीची लावणी आठ दिवस पुढे गेली तर झाड ते अंगावर काढते. पानकोबी आणि ब्रोकोली ही थंडीची पिके. त्यातही ब्रोकोली फारच नाजूक. तिचा गड्डा म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा गुच्छ. गड्डा भरताना हवा तापली की कळ्या सुटतात, पिवळी फुले दिसू लागतात आणि माल फुकट जातो. आपल्या वर्ध्याची थंडी ती किती? डिसेंबर आणि जानेवारी, फार तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. गड्डा त्या दोन महिन्यांत भरला पाहिजे. म्हणून मोजणी मागून करायची. संकरित ब्रोकोली लावणीपासून साधारण साठ ते सत्तर दिवसांत तयार होते, रोप होते पंचवीस ते तीस दिवसांचे. २० सप्टेंबरला बी टाकले तर १८ ऑक्टोबरच्या सुमाराला लावणी आणि २२ डिसेंबरच्या आसपास तोडणी. हे गणित तुमच्या हातात असेल तरच पीक तुमच्या हातात. गादीवाफ्यावरचे रोप असेल तर आणखी आठ-दहा दिवस धरा.

रोप ट्रेमध्ये जादा दिवस राहिले की ते उपाशी राहते. मूठभर कोकोपीटमध्ये अन्न ते किती असणार? उपाशी आणि म्हातारे रोप वाढीच्या आधीच गड्डा धरायला घाई करते. आमचे लिंबाएवढे गड्डे त्यातूनच आले. पानकोबी थोडी सोशिक, ती उशीर सहन करते. पण तिलाही एकदा शेंडा खुडला गेलेले, ‘आंधळे’ रोप मिळाले की गड्डा धरत नाही, नुसती पाने फुटतात. रोप घेताना शेंडा पाहायचा, चार-पाच खरी पाने पाहायची, ट्रेमधून एक रोप उपटून मुळी पांढरी आहे का ते पाहायचे. आणि एक गोष्ट विसरू नका. पानाच्या कडेपासून आत शिरणारा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग दिसला तर तो ट्रे वावरात आणूच नका. तो घाण्या रोग, कोणी त्याला काळी कूज म्हणतात. तो बियातून येतो, रोपातून फिरतो, आणि एकदा वावरात शिरला की मागे राहिलेल्या पाल्यातून पुढच्या पिकापर्यंत पोचतो.

कोणी म्हणेल, हे सगळे झंझट नको, आपले बी आपणच धरू. ज्वारीचे कणीस निवडून आपल्या आज्या मडक्यात राख घालून बी ठेवत होत्या. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि हळूहळू मडकी रिकामी झाली. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावचे शेतकरी अजूनही हळदीचे बेणे घरचे राखतात, आणि २०१६ मध्ये त्याच हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण पानकोबीचे तसे नाही. तिला फूल येऊन बी धरायला लांबलचक कडाक्याची थंडी लागते. म्हणून भारतीय कृषी संशोधन संस्थेला पानकोबी-फुलकोबीच्या बियाण्याच्या कामासाठी कुल्लूच्या खोऱ्यात कटराईनला केंद्र काढावे लागले. वर्ध्याच्या उन्हात पानकोबीचे बी होणार नाही. गोल्डन एकर घ्या की संकरित घ्या, बी विकतच घ्यावे लागणार. त्यात कमीपणा नाही.

पण रोप वर्ध्यात होते. बी आणि रोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच पिशवीत घालून टाकल्या आहेत. बी सीलबंद पाकिटात येते, त्याच्यावर लेबल असते, दुकानदाराला परवाना असतो, पावती मागता येते. तेच बी रोपवाटिकेच्या दारातून आत जाते आणि रोप होऊन बाहेर येते तेव्हा त्याचे सगळे कागद आत राहिलेले असतात.

कायदा काय म्हणतो? १९६६ च्या बियाणे कायद्यात ‘बियाणे’ या शब्दाची व्याख्या वाचा. अन्नपिकांची रोपेसुद्धा त्या व्याख्येत आहेत. म्हणजे कायद्याला रोप माहीत आहे, ट्रेवर मात्र लेबल नाही. महाराष्ट्राने १९६९ साली रोपवाटिकांचा कायदा केला तो फळझाडांपुरता. संत्र्याच्या कलमाला परवाना, पानकोबीच्या रोपाला त्या कायद्यात काही नाही. पुढे २००४ च्या बियाणे विधेयकात आणि २०१९ च्या मसुद्यात रोपवाटिकांच्या नोंदणीची कलमे आली. कोणी म्हणेल, चला, त्यासाठी मोर्चा काढू. माझे मत वेगळे आहे. कारंजा-आष्टीकडच्या संत्रावाल्यांना विचारा, परवान्याच्या पाटीने कलमाची जात खरी निघते का? आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक इन्स्पेक्टर, आणि इन्स्पेक्टरचा खर्च शेवटी रोपाच्या भावातच चढतो. गावात दहा बाय दहात रोपे करणारी बाई त्या परवान्याच्या पायरीवरच अडेल, आणि मोठी रोपवाटिका तो चौकटीत लावून मोकळी होईल.

मला हवा आहे एक कागद. वाण आणि कंपनी, लॉट नंबर, बी टाकल्याची तारीख, रोपांची संख्या आणि भाव. खाली सही. पाच ओळी. हे छापायला कोणत्याही रोपवाटिकेला अडचण नाही, कारण पाकीट तिच्याकडे आहे आणि तारीख तिला ठाऊक आहे. जो द्यायला तयार नाही, त्याचे रोप घेऊ नका.

या कागदाला किंमत काय? जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात निकाल दिला. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचात दाद मागू शकतो, असे त्यात ठरले. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवले नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही, कारण तो सगळे बी पेरून टाकतो, हेही न्यायालयाने मान्य केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. दार उघडे आहे. पण आत जाताना हातात पावती लागते, आणि ती ज्याने तक्रार केली त्याच्या नावाची लागते.

पावती नसली की काय होते, ते २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नाशिक, अहमदनगरच्या टोमॅटोवाल्यांनी पाहिले. फळांवर चट्टे आले, रंग चढेना. कोणी म्हणे बियाणे, कोणी म्हणे रोपवाटिका, कोणी म्हणे मावा आणि हवामान. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले, काकडीच्या मोझॅक विषाणूसह एकाहून अधिक विषाणू सापडले. रोगाचे नाव कळले, पण तोवर बागा उपटून झाल्या होत्या. रोग कोणत्या टप्प्यावर आत शिरला हे सिद्ध करायला शेतकऱ्याच्या हातात होते काय?

आता आमच्या पाच जणांपैकी उरलेल्या तिघांनी पुढच्या वर्षी काय केले ते सांगतो. रोप घरी केले. पाव एकराला दीड बाय दीड फुटावर सुमारे पाच हजार रोपे बसतात. मरतूक आणि सांधणीसाठी पंधरा टक्के जादा धरा. ९८ घरांचे साठ ट्रे लागतात. एका ग्रॅममध्ये साधारण अडीचशे ते तीनशे बिया असतात, म्हणजे दहा ग्रॅमची दोन ते तीन पाकिटे. आणि जागा? साठ ट्रे दहा फूट बाय दहा फुटांत मावतात. पाव एकराची पूर्ण रोपवाटिका एका खोलीएवढी! २०२० साली सरकारने अहिल्यादेवी होळकरांच्या नावाने रोपवाटिका योजना आणली, त्यात हजार चौरस मीटरच्या शेडनेटला निम्मे अनुदान ठेवले. ज्याला रोपांचा धंदा करायचा आहे त्याने जरूर घ्यावे. पण आपल्या पाव एकरासाठी त्या फाईलीमागे फिरण्याची गरज नाही. चार बांबू, कमानी, बारीक जाळी आणि सावलीचे कापड पुरते. पानांच्या खालून पोखरणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग जाळीबाहेर राहिला पाहिजे, एवढे पाहा.

कोकोपीट भिजवून त्यात ट्रायकोडर्मा मिसळा. एका घरात एक बी, अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाका आणि दोन-तीन दिवस रोज उघडून पाहा. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी पसरून ठेवा. एक रात्र चुकली तर रोप सुतासारखे वर जाते. आमच्यापैकी एकाचे वीस ट्रे असेच गेले, कारण त्या दिवशी तो हिंगणघाटला कापसाच्या गाडीबरोबर गेला होता. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी ट्रे ओला ठेवू नका, रोपे बुडातून कोलमडतात. कृषिपंपाची लाईन रात्रीची असेल तर ड्रम भरून ठेवा. लावणीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करत जा आणि सावलीचे कापड काढा. ज्यांना ट्रे नको त्यांनी मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफा करावा. बियाणे रंगीत औषध लावलेले नसेल तर ५० अंशांच्या कोमट पाण्यात पानकोबी पंचवीस आणि ब्रोकोली वीस मिनिटे ठेवून सावलीत सुकवा, घाण्याला आळा बसतो. तापमापक मात्र हवा, हात घालून अंदाज करू नका, बी शिजेल. हे एकदा डोळ्यांनी पाहायचे असेल तर सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.

खर्चाचे खरे सांगतो. समजा विकतचे रोप सव्वा रुपयाला पडले, तर पाच हजारांचे सव्वासहा हजार झाले. घरच्या रोपात बी, ट्रे, कोकोपीट, जाळी, आणि महिनाभर पाणी घालणाऱ्या बाईची रोजी. ही रोजी कागदावर मांडा. कापसाचा उत्पादन खर्च काढताना सरकारने आपल्या घरची मजुरी कमी धरली म्हणून आपण ओरडतो आणि घरात आपणही तेच करतो. ती धरली तर पहिल्या वर्षी घरचे रोप महागच पडते. दुसऱ्या वर्षापासून ट्रे आणि जाळी पुन्हा वापरता येतात, तेव्हा बरोबरीत येते. मग फायदा काय? तारीख आपली राहते आणि रिकामे पाकीट आपल्या पेटीत राहते. सोयाबीन आठ दिवस उशिरा निघणार असे दिसले, तर बी आठ दिवस उशिरा टाकता येते. ज्याला हे जमत नाही त्याने रोप विकत घ्यावे, त्यात काही चूक नाही. पण इसार पाव रकमेपेक्षा जास्त देऊ नये, आणि बाकी रक्कम ट्रे उतरवून, मुळी पाहून द्यावी. ठरल्या तारखेनंतर दहा दिवस गेले तर इसार परत, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

ब्रोकोलीबद्दल एक इशारा. तोडल्यावर साध्या हवेत ती दोन-तीन दिवसांत पिवळी पडते. आपल्या आठवडी बाजारात तिला गिऱ्हाईक नाही, नागपूरच्या थोड्या दुकानांचा आणि हॉटेलांचा तो माल. गावातल्या दहा जणांनी एकाच आठवड्यात नेली तर भाव दहाव्याच्या हाती येण्याआधीच मेलेला असेल. मोटारसायकलवाला रोप विकतो, गड्डा विकत घेत नाही. ‘घेऊ’ म्हणत असेल तर ते भावासकट लिहून मागा, आणि त्याचा चेहरा पाहा. मी तरी सांगेन की पहिल्या वर्षी पानकोबी लावा, ब्रोकोलीचे चार-दोन ट्रे फक्त हात बसवण्यासाठी. पानकोबीही सगळ्यांनी एका दिवशी टाकू नका. निम्मे बी पहिल्यांदा, निम्मे पंधरा दिवसांनी. कापसाची वेचणीही त्याच दिवसांत चालू असते, बाया कुठून आणणार?

ज्यांच्याकडे हिवाळाभर पुरेल एवढे पाणी आहे त्यांनीच यात पडावे. कोरडवाहूच्या आशेवर पानकोबी लावू नये.

पोळ्याच्या आठ दिवस आधी प्रत्येक तालुक्याच्या बैठकीत नावे लिहून घेऊ. गावागावांचे बी एकदम घेतले तर दुकानदार भावात थोडे नमते घेईल. पण बी एकत्र घेतले तरी बिल एकाच्या नावावर फाडायचे नाही. प्रत्येकाच्या पाकिटांचे बिल प्रत्येकाच्या नावाने, लॉट नंबरसह. मागच्या वर्षी ज्यांनी रोप विकत घेतले त्यांनी ते अर्धे कागद सापडतील तेवढे बैठकीला घेऊन यावेत. कोणी काय लिहून दिले आणि काय लिहून दिले नाही ते एकत्र बसून पाहू, आणि पाच ओळींच्या पावतीचा नमुना तिथेच ठरवून छापायला देऊ.